सांतान मास्तरांची मोठी पाटी

मला लिहायला सांतान मास्तरांनी शिकवलं. त्यांचं नाव आधी सांगून टाकतो, कारण पुढची हकीगत वाचून कुणालाही वाटेल की हा गृहस्थ चिखलात नाचून शहाणा झाला. तसंच झालं, ते मी नाकारत नाही. पण नाचायला लावणारे सांतान मास्तर होते, वर बांधावर उभं राहून फिडल वाजवणारे तेच होते, आणि माझा पाय घसरून मी सपशेल आडवा झालो तेव्हा "शाबास" म्हणणारेही तेच.

मी घाटावरचा, कऱ्हाडाकडचा. गावच्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर बाराखडीच्या मध्यापर्यंत पोचलो होतो. आमच्या पंतोजींची छडी अक्षराच्या आधी बोलायची. अक्षर बरोबर होतं की चूक, ते मागाहून ठरायचं. एके दिवशी पाणी प्यायला म्हणून उठलो तो देवळामागून जो पळालो, तो परत शाळेच्या ओसरीवर चढलो नाही. पुढे मामाबरोबर रेल्वेच्या कामावर कल्याणला आलो. काम संपलं, मामा गावी गेला. शाळेतून पळालेला मी कुठल्या तोंडाने जाणार म्हणून मागे राहिलो आणि फिरत फिरत ठाण्याच्या खाडीवर, बाळकुमच्या मिठागरात कामाला लागलो.

भित्रेपणा मात्र बरोबर आला होता. कागद दिसला की माझ्या तळहातांना घाम सुटे. मीठखात्याचा शिपाई नाव विचारायला लागला की माझं स्वतःचं नाव घशात अडकायचं आणि शेजारच्या हिराबायला सांगावं लागायचं, "गणबा हाय तो. मुका नाय, घाटी हाय."

हिराबाय आगरी बाई. नातवंडं झालेली, पण डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून अशी चालायची की मागून येणाऱ्या जवान पोरांना धाप लागावी. तिच्या तोंडाला सगळं आगर टरकून असे. सांतान मास्तर आगरात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही तिनेच अडवलं.

पावसाळा नुकता सरलेला. वाफ्यांतलं पाणी काढून टाकलेलं होतं आणि आम्ही सगळे वाफ्याचा तळ पायांनी तुडवत होतो. मिठाला तळ लागतो गुळगुळीत आणि कडक; तो पुन्हा पुन्हा तुडवावा लागतो, वरून फळी फिरवावी लागते, मग खाडीचं पाणी आत घ्यायचं. अशा वेळी बांधावरून एक उंच माणूस येताना दिसला. अंगात कुणा पाद्रीबाबांचा उतरलेला काळा कोट, तो गुडघ्यांच्या खालपर्यंत. पाय अनवाणी. काखेत चटईत गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं. ते आमच्याकडे पाठ करून बांधावर बसले, चटई उलगडली, आणि फिडल वाजवायला लागले.

खाडीच्या खाऱ्या हवेने त्या फिडलला कायमची सर्दी झालेली होती. जरा वेळ सगळ्यांनी सोसलं. मग हिराबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, त्या मांजरीनं तुमचं काय खाल्लं?"

मास्तर वळले. हसले. ते गावच्या देवळाशेजारच्या, म्हणजे चर्चशेजारच्या, शाळेत किरिस्तावांच्या पोरांना शिकवायचे आणि दर रविवारी देवळात फिडल धरायचे, हे हिराबायला ठाऊक होतं, मला नव्हतं.

"बाय, खरं सांगू? घरी बायकोने, मोनिकाने, मना केलंय. म्हणते, हे लाकूड घरात वाजलं तर चुलीत घालीन. मग मी सराव करू कुठं?"

"मग आमी काय गुन्हा केलाय?"

"फुकट नाय ऐकायचं. सौदा करू. मी एक गत वाजवीन, तुम्ही ऐकायची. बदल्यात एक अक्षर देईन."

आमची शाळा अशी सुरू झाली. गावात पुढे पुष्कळ बोललं गेलं की मास्तरांना गरिबांचा कळवळा होता, त्यांना स्वप्नात दृष्टान्त झाला, वगैरे. मास्तर स्वतः नेहमी म्हणायचे, "मला ऐकणारी माणसं पायजे होती." कळवळा होता तो होताच, पण तो फिडलच्या मागून आला.

अक्षर द्यायचं म्हणजे लिहायचं कशावर, हा प्रश्न त्यांना क्षणभरच पडला. समोर तुडवून गुळगुळीत केलेला ओला वाफा पसरला होता. मास्तर कोट वर खोचून खाली उतरले, माझ्या हातातला फळीचा दांडा उलटा धरला आणि चालत चालत एक 'ग' काढला. एवढा मोठा 'ग' मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच्या आत बैल बसला असता.

"हे तुझं अक्षर," म्हणाले. "नाव काय?"

मी हिराबायकडे पाहिलं.

"शाबास," मास्तर म्हणाले.

मी बघतच राहिलो. मी काही बोललोच नव्हतो.

"मी शाबासकी आधी देतो, गणबाराव," ते म्हणाले. नाव त्यांना हिराबायने आधीच हळूच सांगितलं असावं, म्हणून तर 'ग'. "उसनी घ्या. जमेल तेव्हा फेडा."

मला तोवर राव कुणी म्हटलं नव्हतं. मी दांडा घेतला आणि त्या 'ग'वरून चालत गेलो. चुकायला जागाच नव्हती. चुकलो असतो तर बांधावर आपटलो असतो.

आमची लिहिण्याची रीत त्या दिवसापासून पडली ती पडली. उभ्याने लिहायचं. दोन्ही हातांनी दांडा धरायचा. हात हलवायचा नाही, पायांनी चालायचं. अक्षर आपोआप मागे उमटत जातं. आणि पुसायचं म्हणजे नाचायचं. सगळ्यांनी रांगेत उभं राहून फिडलच्या तालावर अक्षर तुडवायचं, की वाफा पुन्हा कोरा. पहिल्यांदा अख्खी बाराखडी पुसली तेव्हा आम्हाला हसूच आवरेना. 'ढ' कुणी पुसायचा यावर तंटा व्हायचा, कारण त्याला गोल फिरत नाचावं लागे. हिराबाय त्यात एक गिरकी घ्यायची आणि म्हणायची, "ह्यो माझा. हात नका लावू."

मुकादम धाकूभाऊ हे पाहून तांबडालाल झाला. आगराच्या शेटने त्याला कामावर ठेवलं होतं आणि शेटच्या वाफ्यात अक्षरांच्या चऱ्या पडलेल्या. तो काठी घेऊन बांधावरून ओरडत आला, "मास्तर, मिठात गाळ येईल. शेट मला विचारील तर मी काय सांगू, बाराखडी आली?"

मास्तरांनी फिडल खाली न ठेवता विचारलं, "धाकूभाऊ, तळ एरवी कितीदा तुडवतात?"

"लागंल तितका. पण माणसं तुडवतात कुठं? पाय ओढतात नुसते."

"आता बघा."

आम्ही तुडवत होतो. कुणी सांगितलं म्हणून नाही, पुढचं अक्षर मिळावं म्हणून. त्या हंगामात आमच्या वाफ्यांचे तळ असे बसले की त्यावर नाणं टाकलं तर वाजावं. पुढे मीठ निघालं ते इतकं पांढरं की शेटने धाकूभाऊला पागोटं दिलं. धाकूभाऊ ते बांधून आला आणि मास्तरांना हळूच म्हणाला, "जोडाक्षरं कवा चालू करता?"

मास्तरांची एक गत होती. ती कुठली, कुणाकडून आली, ते आम्हाला ठाऊक नाही. पण सुरुवात फार गमतीची होती, उड्या मारत यायची. तिचा शेवट मात्र आम्ही कधी ऐकला नाही. दर वेळी काहीतरी व्हायचं. तार तुटायची, नाही तर अक्षर पुसून संपायचं, नाही तर धाकूभाऊ हाक मारायचा. मास्तर फिडलची कमान खाली करून म्हणायचे, "हिचा शेवट फार गोड हाय. एकदा ऐकवीन." हिराबाय म्हणायची, "मोनिकामायला ठाव हाय का शेवट?" मास्तर म्हणायचे, "तिनेच तर सुरुवातीला बंद केली."

शिकवायची खोड त्यांना जिथे तिथे. एका किरिस्ताव लग्नात मला त्यांनी पाहुणा म्हणून नेलं होतं. मांडवामागे बायका फुगे तळत होत्या. आंबवलेलं पीठ हाताने कढईत सोडायचं, की ते टम्म फुगून वर येतं. मास्तर वाजवता वाजवता तिथे गेले आणि तळणाऱ्या म्हातारीला म्हणाले, "माय, नवरीच्या नावाचं अक्षर सोड ना." म्हातारीने सोडलं. ते फुगलं आणि बटाट्यासारखं झालं. मग सगळ्याच बायकांना चेव आला. पंगतीत ताटात अक्षरं आली, पण सगळीच फुगलेली. 'क' आणि 'फ' आणि 'ळ' सारखेच. लोक एकमेकांना विचारत होते, हे काय खाल्लं मी? मास्तर ताटांवरून फिरून एकेकाला सांगत होते, "पास. तुम्ही पास. तुम्ही पण पास." नवरीच्या मामाने स्वतःचं अक्षर ओळखलं आणि ते खायला नकार दिला. ते त्याने रुमालात बांधून घरी नेलं.

एवढ्या सगळ्या हसण्यात माझ्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती. मला शाळेत परत जायचं होतं. खऱ्या शाळेत, भिंतीच्या, घंटेच्या. का, ते मला नीट सांगता येत नव्हतं. पळालो होतो ती जागा दूर राहिली. पण तसल्याच एका जागी आपल्या पायांनी जाऊन बसावं, एवढंच वाटत होतं. मी ते मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी शाबास म्हटलं आणि मग मला धरून ठाण्याच्या सरकारी शाळेत नेलं. हिराबाय मागोमाग आली. "मी पन शाळंत बसनार. याला बोलता येत नाय, कोन बोलंल?"

हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण त्यांच्यापुढे मिशा फुटलेला मी आणि नातवंडवाली ती असे उभे होतो. ते म्हणाले, "मास्तर, मुलं हसतील हो. आणि ही बाई मुलांच्या शाळेत कशी? बरं, डिपोटी साहेब तपासणीला येतील तेव्हा यांना आणा. त्यांच्यासमोर स्वतःच्या मनाचं एक वाक्य लिहून दाखवलं तर त्यांचा शब्द प्रमाण. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

एकच संधी. मी परतीच्या वाटेवर मास्तरांना विचारलं, "स्वतःच्या मनाचं म्हणजे काय लिहायचं?" मला गिरवता येत होतं. दिलेलं वाक्य मी बांधापासून बांधापर्यंत तंतोतंत काढायचो. पण माझ्या मनाचं काय, तिथे माझा दांडा हलत नव्हता.

"जे सांगायला लाज वाटते ना," मास्तर म्हणाले, "तेच बहुतेक आपलं असतं."

डिपोटी साहेब आले तो दिवस पुढच्या वर्षीच्या थंडीतला. शाळेत सडा घातलेला, मुलं तेल लावून बसलेली. साहेब पुण्याकडचे, बारीक बांध्याचे, पायांत चकाकता जोडा. त्यांनी मला आणि हिराबायला पुढे बोलावलं. शिपायाने एकेक पाटी आमच्या हातात दिली.

पाटी. हातभरसुद्धा नाही.

मी खाली बसलो आणि लक्षात आलं की बसून मी कधी लिहिलेलंच नाही. पेन्सिल दोन्ही मुठींत धरली आणि 'म' काढायला घेतला. त्याचा अर्धा भागच झाला आणि पाटी संपली. पेन्सिल लाकडी चौकटीवरून उतरून जमिनीवर गेली आणि मी सवयीने पुढे सरकत गेलो. पुढच्या रांगेतला मुलगा मांडी आवरून बाजूला झाला. हिराबायने तर उभं राहूनच पाटीवर एक रेघ अशी ओढली की पेन्सिलीचा भुगा झाला. मग ती रेघ पुसायला म्हणून तिने पाटी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर पाय दिला. सवय ती सवय. पाटीचे दोन तुकडे झाले.

मुलं जी हसायला लागली ती घंटेनेही थांबेनात. हेडमास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेब, यांना लिहिता येत नाही."

माझ्या तळहातांतून पाणी गळत होतं. दार कुठल्या बाजूला आहे ते मी पाहून ठेवलं.

"येतं," सांतान मास्तर म्हणाले. ते दाराशीच उभे होते, पळायची वाट अडवून. "पाटी लहान पडली, साहेब. आमची मोठी पाटी बाळकुमला हाय. तुम्हाला पुढच्या तपासणीला त्याच वाटेने जायचंय ना?"

साहेबांनी त्या लांब कोटाकडे पाहिलं, अनवाणी पायांकडे पाहिलं, फुटक्या पाटीकडे पाहिलं. "केवढी मोठी?" त्यांनी विचारलं.

"साहेबांनी जोडा काढावा लागेल, एवढी."

साहेब आले. टांगा खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या, कडेला थांबला, त्यांनी जोडा हातात घेतला आणि बांधावर चढले. मागे हेडमास्तर, त्यांच्या मागे धाकूभाऊ पागोटं बांधून. मास्तरांनी फिडल काढलं. आगरातली सगळी माणसं कामं टाकून गोळा झाली.

आधी हिराबाय. तिने साडीचा काष्टा आवळला, दांडा घेतला आणि निघाली. साहेब बांधावरून तिच्या बरोबरीने चालत, एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. "म... ना... मना." मना म्हणजे आगरीत मला. पुढे काटेरी झुडुपं होती, ती ओलांडली. "गो... ड..." हेडमास्तर मागे पडले. वाक्य संपलं तेव्हा साहेब वाफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते आणि तिथून त्यांचा आवाज आला, "मना गोड आवडतं."

खाली मिठाने पाय फाटलेली हिराबाय दांड्यावर हनुवटी टेकून उभी होती. "जलम खाऱ्यात गेला, साहेब," ती म्हणाली. "कोनी इचारलंच नाय."

साहेब हसायला लागले ते वाकून हसायला लागले. जोडा हातातून वाफ्यात पडला.

मग मी. मी शेजारच्या वाफ्यात उतरलो. फिडल सुरू झालं, तीच उड्या मारणारी गत. मी 'म' घेतला तो मोठा घेतला, 'ला' त्याहून मोठा. भीती वाटली की माझं अक्षर वाढायचं. पावलं पडत होती, मागे ओली चरी उमटत होती, आणि मला कळत होतं की हे मला कुणी दिलेलं नाही. साहेब बांधावरून वाचत होते. "मला... शाळेत..."

आणि वाफा संपला.

समोर बांध, बांधापलीकडच्या वाफ्यात आदल्या भरतीला पाणी घेतलेलं. मी दांडा घेऊन त्या पाण्याच्या काठाशी उभा राहिलो. पाण्यावर कसं लिहायचं? फिडल थांबलं. हिराबायने माझ्या वतीने सांगायला तोंड उघडलं आणि मास्तरांनी कमान तिच्या दंडाला लावून तिला गप्प केलं.

"मला शाळेत," साहेब म्हणाले, "पुढे?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. तोंडाने नाही, नुसत्या मान हलवण्याने त्यांनी शाबास म्हटलं. आधीच. नेहमीसारखं.

"यायचंय," मी म्हणालो. मग ते साहेबांपर्यंत पोचलं नाही असं वाटून ओरडलो, "मला शाळेत यायचंय, साहेब. माझं नाव गणबा. मी पळून आलेलो. आता पळायचं नाही."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. खाजणातले बगळे उठले.

साहेबांनी चिखलातला जोडा धाकूभाऊकडून घेतला. हेडमास्तरांना ते एवढंच म्हणाले, "याचं नाव घाला. आणि याला पाटी जरा मोठी द्या." हिराबायला त्यांनी मुलींच्या शाळेत पाठवलं. ती तिथे बरेच महिने मागे बसत असे. तिथल्या बाईंना तिने शिकवलं काय आणि त्यांनी तिला शिकवलं काय, याचा हिशेब लागायचा नाही, पण त्या शाळेतून हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येई. मी मुलांच्या रांगेत बसलो. गुडघे हनुवटीला लागायचे. मुलं आठवडाभर हसली आणि मग मला दादा म्हणायला लागली.

आता मी डोंबिवलीजवळच्या एका खेड्यात मास्तर आहे. माझं अक्षर अजून मोठंच येतं. हजेरीचं पान मला पुरत नाही, यावरून वरून शेरे येतात. घर अजून दूरच आहे, पण आता मी घरी पत्र लिहितो. आई म्हणे ते भिंतीला टेकवून, वाचणाऱ्याला लांब उभं करून वाचून घेते.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते कल्याण स्टेशनात. मी मास्तरकीच्या परीक्षेला पुण्याला निघालो होतो. गाडीत बसलो होतो आणि तळहात पुन्हा ओले झाले होते. समोर, रुळांपलीकडच्या फलाटावर, तो काळा कोट दिसला. त्यांना नाशिककडच्या एका गावी शाळेवर पाठवलं होतं. शेजारी ट्रंकेवर मोनिकामाय बसलेली, फिडलची चटई तिच्याच मांडीवर. कल्याणला वाटा फुटतात. त्यांची एकीकडे, माझी दुसरीकडे. मी खिडकीतून हाका मारल्या. त्यांनी मला पाहिलं, काहीतरी म्हणाले, पण मध्ये इंजिन धापा टाकत होतं, ऐकू येईना.

तेव्हा त्यांनी मोनिकामायच्या मांडीवरून कमान काढून घेतली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. मला वाटलं, रागावले. मग समजलं. तोंड माझ्याकडे ठेवून लिहिलं असतं तर मला उलटं दिसलं असतं. पाठमोरे उभे राहून, फळ्यावर लिहावं तसं, त्यांनी हवेत लिहायला सुरुवात केली. 'शा' लिहिताना ते दोन पावलं चालले. 'बा' लिहिताना एका हमालाला चुकवलं. 'स' लिहायला गेले तिथे फलाट संपत आला होता, आणि मोनिकामाय मागून त्यांचा कोट धरून ओढत होती. तेवढ्यात माझी गाडी हलली.

परीक्षा व्हायची होती. शाबासकी आधीच मिळाली होती.

ती उसनी माझ्याकडे अजून आहे. सुट्टी लागली की एक दिवस मी कल्याणहून नाशिककडची गाडी धरणार आहे. त्यांचं गाव शोधून काढीन, मोनिकामायला हात जोडून परवानगी मागीन, मास्तरांना अंगणात बसवीन आणि ती गत त्यांना वाजवायला लावीन. मध्ये उठणार नाही, काही पुसणार नाही, तार तुटली तर दुसरी लावून होईपर्यंत बसून राहीन. तिचा शेवट त्यांनी आजवर कुणाला ऐकवलेला नाही. तो मी ऐकेन. आणि तो कसाही असला, तरी शाबास मी त्यांना सुरुवातीलाच म्हणणार आहे.